गळ, गरी आणि मासा

श्रोतेहो, ‘गळाला लागणें’, ‘आमिष दाखविणें’, ‘गळ टाकून बसणें’ हे शब्दप्रयोग आपल्या घरांतून रोज उच्चारले जातात. ज्यांनीं जन्मांत माशाला हात लावला नाहीं, तेहि निवडणुकीच्या गप्पांत ते बिनदिक्कत वापरतात. भाषेंत इतकी खोल रुजलेली ही विद्या आपल्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकांत मात्र कोठेंच नाहीं. अडतीस वर्षें मीं वऱ्हाडांतल्या मुलांना इतिहास व भूगोल शिकविला. पण गळाविषयीं एक वाक्यहि वर्गांत माझ्या तोंडून निघालें नाहीं. त्याचें कारण अज्ञान नव्हे. लहानपणीं पूर्णेच्या कांठीं माझ्या हातून एक गुन्हा घडला होता व त्याची आठवण ह्या विषयाला चिकटलेली होती. तो गुन्हा मी शेवटीं सांगणार आहें. शाकाहारी श्रोत्यांनीं मात्र आतांच कान झांकूं नयेत. आज बोलावयाचें आहे तें स्वयंपाकघराविषयीं नव्हे, माशाला ओळखण्याच्या एका जुन्या शास्त्राविषयीं.

आमच्या वऱ्हाडांत गळाला गरीहि म्हणतात. ह्या गरीचें शास्त्र आपल्या देशांत सविस्तर लिहून ठेवणारा पुरुष कोणी भोई किंवा ढीवर नव्हता, तो एक राजा होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. राज्य मिळविण्यापासून पाकक्रियेपर्यंत शंभर विषय त्यांत आहेत. मराठी पद्याच्या जुन्या ओळी त्यांत सांपडतात म्हणून मराठीचे अभ्यासक त्याला विशेष मानतात. हा राजा आपल्याला अगदींच परका नव्हे. त्याचा पिता सहावा विक्रमादित्य ह्याची सत्ता विदर्भापर्यंत पोंचली होती, ह्याची साक्ष नागपूरच्या सीताबर्डीचा इ. स. १०८७ चा शिलालेख देतो.

मानसोल्लासांतील एका प्रकरणाचें नांव ‘मत्स्यविनोद’ असें आहे. समुद्रांतले मासे कोणते व नदींतले कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, मोठे कोणते व लहान कोणते, कोणता मासा पाण्यांत कोठें राहतो व काय खातो, हें राजा प्रथम सांगतो आणि मग दोरीकडे व गळाकडे वळतो. हा क्रमच मला फार मोलाचा वाटतो. आजचा हौशी मनुष्य आधीं दुकानांत जाऊन महागडी काठी विकत घेतो आणि मासा कोठें आहे हें मग विचारतो! राजाचा दुसरा धडा असा कीं, माशाच्या मागें धांवूं नये, त्याला आपल्याकडे येण्याची संवय लावावी. ठराविक जागीं ठराविक खाद्य टाकीत राहिलें म्हणजे मासे तेथें जमूं लागतात. गळ टाकावयाचा तो त्यानंतर.

कलकत्त्याचे मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा ह्यांनीं १९५१ मध्यें ह्या प्रकरणावर इंग्रजींत निबंध लिहिला, तेव्हां जगाचें लक्ष तिकडे गेलें. इंग्लंडांत गळाच्या मासेमारीवरचें पहिलें छापील पुस्तक १४९६ चें, म्हणजे आपल्या राजानंतर साडेतीनशेंहून अधिक वर्षांनीं निघालेलें. परंतु आमचें आधीं होतें असें म्हणून छाती फुगविणाऱ्यांपैकीं मी नव्हे. राजवाड्यांत बसून कोणाला माशाची खोड कळत नाहीं. सोमेश्वरानें हें ज्ञान कोणा कैवर्ताकडूनच मिळविलें असलें पाहिजे, आणि त्या कैवर्ताचें नांव ग्रंथांत नाहीं.

राजाची ती युक्ति आमच्या पूर्णेच्या कांठीं मीं डोळ्यांनीं पाहिली आहे. मला गरी शिकविणारे एक वृद्ध भोई होते. आम्ही मुलें त्यांना बुढेबाबा म्हणत असूं. रोहू धरावयाचा असला म्हणजे ते सरकीची ढेप भिजवून तिचे लाडूएवढे गोळे सतत तीन-चार दिवस संध्याकाळीं एकाच डोहांत सोडीत. वऱ्हाड कापसाचा मुलूख, तेव्हां गाईम्हशींच्या खुराकांतून माशांचा वांटा काढणें त्यांना जड जात नसे. चौथ्या-पांचव्या दिवशीं त्याच जागीं कणकेच्या गोळींत गळ लपवून सोडावयाचा. रोहू आमिष ओढीत नाहीं, चोखतो. म्हणून पाण्यावर तरंगणारी खूण फार हलकी पाहिजे. बुढेबाबा मोरपिसाचा पांढरा देठ वापरीत. तो देठ नुसता थरथरला तर हात हलवूं नये. तिरपा होऊन सरकूं लागला म्हणजे मनगटानें हलका झटका द्यावा. नवशिका मनुष्य खांद्यापासून झटका देतो आणि माशाचा ओठ फाडून गळ रिकामा वर आणतो.

आतां इंग्रज अमदानीकडे वळूं. कर्नल साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी १८२४ पासून कांहीं वर्षें मुंबई इलाख्यांत आंकडेवारी गोळा करीत हिंडत होता. दक्षिणेंतल्या नद्यांचे मासे त्यानें तपासले व शास्त्रीय नांवें देतांना स्थानिक कोळ्यांच्या तोंडचीं मराठी नांवें लॅटिन विशेषणांच्या जागीं बसवून दिलीं. खुदरी, मसुळा, कोळस, बोगट, फुलंजी, शिंगटी हे शब्द त्यामुळें युरोपच्या ग्रंथालयांत जाऊन बसले. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत मिळालेला ‘खुदरी’ म्हणजे दख्खनचा महसीर. १८३९ पासून आजतागाईत जगांतला प्रत्येक मत्स्यशास्त्रज्ञ त्या माशाला मराठी नांवानेंच हांक मारतो. मानसोल्लासांतला कैवर्त निनांवी राहिला. साइक्सच्या कोळ्यांचीं नांवेंहि राहिलीं नाहींत, पण त्यांचे शब्द तरी राहिले.

महसीर हा डोंगरी नद्यांचा राजा. त्याचा दुसरा एक भाऊबंद नर्मदेंत व तापींत असतो, म्हणजे सातपुड्याच्या दोन्ही अंगांना. मेळघाटांतल्या खंडू, खापरा, सिपना, गडगा व डोलार ह्या पांच नद्या तापीलाच मिळतात, आणि आमची पूर्णाहि बैतूलकडच्या भैंसदेही भागांत उगम पावून, वऱ्हाड ओलांडून चांगदेवापाशीं तापीलाच मिळते. ह्या माशावर एक अख्खें पुस्तक लिहिणारा गृहस्थ हेन्री सलिव्हन थॉमस हा मद्रास इलाख्यांत मुलकी अधिकारी होता. त्याचा ‘रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ मध्यें मंगळुरास छापला गेला. साहेबाच्या शिकारीच्या पुस्तकांत बढाई पुष्कळ असते. ह्या पुस्तकांत निरीक्षणहि पुष्कळ आहे.

महसिराच्या ओठांत दांत नसतात. दांत असतात ते घशांत. शिंपल्या, खेंकडे, फळें असें कांहींहि तो गिळतो आणि घशांत नेऊन चिरडतो. म्हणून विलायतेच्या नाजूक माशांसाठीं केलेले बारीक गळ तो चावून सपाट करी, अशी त्या काळच्या शिकाऱ्यांची तक्रार असे. जाड पोलादाचा, आंखूड दांड्याचा गळ, आणि चक्रीवर शंभर यार्डांहून अधिक दोर, हें त्याच्यासाठीं किमान साहित्य. कारण गळ लागतांच तो प्रवाहाबरोबर जी पहिली धांव घेतो तींत दोर रोखून धरणारा मनुष्य हमखास हरतो. धांव घेऊं द्यावी, काठीचें टोंक वर ठेवावें आणि काठीच्या वांकण्यालाच माशाला दमविण्याचें काम करूं द्यावें.

दोराविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. पूर्वीं विलायतेंत घोड्याच्या शेंपटीचे केंस वळून दोर करीत. पुढें रेशमी दोर आले आणि गळाजवळच्या शेवटच्या तुकड्यासाठीं रेशमाच्या किड्याच्या पोटांतून काढलेली तांत आली. ती तांत पाण्यांत भिजवून मऊ केल्यावांचून गांठ मारली तर तुटे. आमचे बुढेबाबा सुती दोरा वळून बाभळीच्या सालीच्या काढ्यांत भिजवीत, म्हणजे तो पाण्यांत लवकर कुजत नसे. १९३८ मध्यें अमेरिकेंत नायलॉन जाहीर झालें आणि थोड्याच वर्षांत हे सगळे प्रकार मागें पडले. पण एक जुना नियम नायलॉनलाहि लागू आहे. गांठ आंवळण्यापूर्वीं ती ओली करावी. कोरडी आंवळली तर घर्षणाच्या उष्णतेनें दोर तेथेंच अशक्त होतो, आणि मोठा मासा नेमका तेथेंच तोडतो.

चक्रीची हकीकत तर आमच्या कापूसवाल्या मुलखानें मुद्दाम ऐकावी. पूर्वींची चक्री गाडीच्या चाकासारखी फिरे. हलकें आमिष फेंकलें तर तिला वेग मिळत नसे आणि दोराचा गुंता होई. ब्रॅडफर्डचा एक गिरणीमालक, अल्फ्रेड इलिंगवर्थ नांवाचा, गिरणीतल्या कांडीच्या टोंकावरून सूत कसें आपोआप सुटतें तें रोज पाहत होता. कांडी स्थिर ठेवून टोंकावरून दोर सोडणारी चक्री त्यानें केली व १९०५ मध्यें तिचें पेटंट घेतलें. आज महानच्या धरणावर एखादा तरुण जी चक्री वापरतो ती ह्याच जातीची. कापसाच्या गिरण्या आमच्या गांवांतहि होत्या. असें कांहीं आमच्या कोणाला सुचलें नाहीं ह्याचें मला थोडें वाईट वाटतें.

अमेरिकेंतील गळविद्येचा मोठा भाग ‘ब्लॅक बास’ ह्या एका गोड्या पाण्यांतल्या माशाभोंवतीं वाढला. केंटकी प्रांतांतल्या घड्याळ बनविणाऱ्या कारागिरांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्याच्यासाठीं नाजूक दांत्यांच्या चक्र्या बनविल्या. हेन्शल नांवाच्या डॉक्टरानें १८८१ मध्यें त्याच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. चमच्याच्या आकाराचें चकाकणारें धातूचें आमिष, ज्याचें पेटंट ज्यूलिओ ब्यूएल ह्यानें १८५२ मध्यें घेतलें, तेंहि त्याच देशाचें. हातांतला चमचा सरोवरांत पडला व तो बुडतां बुडतां माशानें झडप घातली, अशी त्याची कथा सांगतात. खरी असो वा नसो, पुढें हाच चमचा महसिरासाठीं हिंदुस्थानांत आला.

बास आपल्याकडे नाहीं. पण स्वभावानें त्याच्या फार जवळचा मासा आपल्या प्रत्येक डोहांत व तलावांत आहे, तो म्हणजे मरळ. दोघेहि दबा धरून बसणारे शिकारी. दोघांनाहि बुडालेलें लांकूड, लव्हाळ्याची कड, कमळाच्या पानांची सावली प्रिय. म्हणून बाससाठीं अमेरिकेंत निघालेला रबरी बेडूक आज आपल्याकडे मरळीवर चालतो, आणि बुढेबाबा जिवंत बेडकी वापरीत तीहि ह्याच तत्त्वावर. मरळीला कल्ल्यांखेरीज वरची हवाहि लागते. थोड्या थोड्या वेळानें ती पृष्ठभागावर येऊन घोट घेते व पाण्यावर एक वर्तुळ उमटतें. जाणता मनुष्य तें वर्तुळ पाहतो आणि गरी वर्तुळावर टाकीत नाहीं. त्याच्या पलीकडे दोन हात टाकून, बेडूक आपल्या वाटेनें चालला आहे अशा चालीनें, अडखळत अडखळत तेथून ओढीत आणतो. झडप बसली कीं लगेच हिसका देऊं नये. मनांत तीन अंक मोजावेत, कारण मरळ आमिष आधीं पकडते आणि मग तोंडांत घेते. मरळीची झडप पाहून घाबरून काठी सोडून देणारे धीट पुरुष मीं पाहिले आहेत!

बाकी नियम सर्व माशांना सारखेच. आपली सावली पाण्यावर पडूं देऊं नये. कांठावर पाय आपटीत चालूं नये. माशाच्या दोन्ही कुशींवर जी बारीक रेघ असते तिनें त्याला कंप जाणवतो, आपल्या बोलण्यापेक्षां आपलें चालणें त्याला अधिक कळतें. गळाचें टोंक अंगठ्याच्या नखावर हळूच टेकवावें. रुतलें तर ठीक, घसरलें तर कानशीनें पुन्हां पाजवावें. उन्हाळ्यांत दिवस उजाडण्याची वेळ उत्तम. वांब व शिंगाडा ह्यांच्यासाठीं रात्र आणि गांडूळ. मासा सोडून द्यावयाचा असेल तर हात ओले करूनच त्याला धरावें, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत लेप हेंच त्याचें चिलखत असतें. आणि एक सूचना आजच्या श्रोत्यांसाठीं. धरणांतला मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणीं मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, तेव्हां आधीं त्यांची संमति घ्यावी. मेळघाटांतलें राष्ट्रीय उद्यान व अभयारण्य येथें तर गरी घेऊन जाऊंच नये.

कोणता मासा, कोठें, कशानें, हा झाला गळाच्या इतिहासाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग म्हणजे केव्हां धरूं नये. तो पहिल्याहून जुना आहे. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत चातुर्मासाच्या तीन पौर्णिमा, पौषाची पौर्णिमा, त्यांच्या लगतच्या तिथि आणि उपोसथाचे दिवस ह्या काळांत मासे मारूं नयेत व विकूंहि नयेत अशी आज्ञा आहे. कैवर्तांसाठीं राखलेल्या जलाशयांचाहि त्यांत उल्लेख आहे. आपल्या विदर्भांत, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या देवटेक येथें सांपडलेला एक शिलालेख प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करतो; तो महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनीं वाचून प्रसिद्ध केला.

थॉमस व त्याचा समकालीन फ्रान्सिस डे ह्या दोघांनीं बारीक आंसांच्या जाळ्यांनीं पिलांचा होणारा संहार सरकारच्या नजरेस आणला. त्या खटपटींतून पुढें १८९७ चा चौथा कायदा झाला. पाण्यांत सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणाऱ्यास दोन महिनेपर्यंत कैद अथवा दोनशें रुपयेपर्यंत दंड त्यानें ठरविला. वऱ्हाड त्या वेळीं नांवापुरता निजामाचा मुलूख असल्यामुळें ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथें आपोआप लागत नसत, ते वेगळ्या आदेशानें लावावे लागत. हा आमच्या प्रांताचा एक जुना विनोद. आतां महाराष्ट्राचा १९६० चा स्वतंत्र कायदा आहे.

पूर्वीं विष म्हणजे हिंगणबेटाचीं किंवा गेळाचीं फळें कुटून डोहांत टाकीत. त्यानें मासे गुंगत, मोठे वेंचून घेतले जात आणि पाणी वाहून पुन्हां निर्मळ होई. आतां तेथें ब्लीचिंग पावडर आली आहे. तिच्यानें एका रात्रींत डोह तळापासून मरतो: मासा, पिलूं, झिंगा, शंख, सगळें. कोठें कोठें विजेच्या तारेवर आंकडा टाकून पाण्यांत प्रवाह सोडतात, त्यांत माणसेंहि दगावतात. अकोल्याच्या मोर्णेवर जलपर्णीचा जो गालिचा पसरला होता तो काढण्यासाठीं २०१८ मध्यें हजारों नागरिक नदींत उतरले, तें पाहून मला भरून आलें होतें. पण वरवरची हिरवळ डोळ्यांना दिसते, डोहांत ओतलेली पांढरी पूड दिसत नाहीं. ह्या सर्वांपुढें एका वेळीं एक मासा धरणारी, आणि तो धरावा कीं नाहीं हें ठरविण्यास वेळ देणारी गरी मला सभ्य वाटते.

आतां माझा गुन्हा. १९७१ चा श्रावण होता. मी अकरा वर्षांचा होतों. आमच्या डोहाच्या लव्हाळ्यांजवळ पाण्यावर ताटाएवढा एक लालसर ढग हलत होता आणि त्याच्या खालून एक भली मोठी मरळ वारंवार वर येत होती. तो ढग म्हणजे काय हें मला ठाऊक नव्हतें. मीं बेडकी टाकली. मरळीनें ती भुकेनें घेतली नाहीं, रागानें घेतली. हें मला आतां कळतें. मासा माझ्या हाताएवढा लांब होता. मीं तो मिरवीत नेऊन बुढेबाबांना दाखविला. ते कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं पहांटे मला उठवून डोहावर घेऊन गेले. लाल ढगाचे तुकडे तुकडे झाले होते आणि लहानमोठे मासे खालून येऊन टिपून टिपून तीं पिलें खात होते.

“काऊन रे बापू,” ते म्हणाले, “थे लेकरं होते तिचे. तुले दिसले नाईत काय?”

मरळीचे नर-मादी आपल्या लाल पिलांची जवळजवळ महिनाभर राखण करतात आणि जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतात. अमेरिकेंतला बासहि असाच. त्याचा नर घरट्यावर पहारा देतो आणि त्या दिवसांत कोणतेंहि आमिष धरतो. तेथें कांहीं राज्यांत त्या हंगामांत बासची मासेमारी कायद्यानें बंद ठेवतात. बुढेबाबांना तो कायदा ठाऊक नव्हता. पण श्रावणांत त्यांची गरी छपराच्या वळचणीला खोंवलेली असे, हें मीं रोज पाहत होतों आणि कधीं विचारलें नव्हतें.

पुढच्या वर्षीं पाऊस आला नाहीं. १९७२ चा तो दुष्काळ श्रोत्यांपैकीं पुष्कळांना आठवत असेल. डोह आटत आटत चिखलावर आला आणि ज्यांना जें सांपडलें तें त्यांनीं नेलें. बुढेबाबा खडी फोडण्याच्या कामावर दुसऱ्या तालुक्यांत गेले. जातांना आपला एक गळ त्यांनीं बुचांत खुपसून माझ्या कंपासपेटींत ठेवला आणि “सावनात टाकू नको” एवढेंच सांगितलें. ते परत आले नाहींत.

१९७३ ला पूर्णेला पाणी आलें. मी दर श्रावणांत त्या लव्हाळ्यांशीं जाऊन उभा राहत असें. त्या वर्षीं कांहीं दिसलें नाहीं, पुढच्या वर्षींहि नाहीं. १९७५ च्या श्रावणांत, मॅट्रिकचा निकाल हातीं आल्यानंतर, एका सकाळीं पाण्यावर ताटाएवढा लाल ढग दिसला आणि त्याच्या कडेला एक वर्तुळ उमटून विरलें. कंपासपेटी खिशांत होती. मी ऊन चढेपर्यंत कांठावर बसून राहिलों आणि घरीं आलों.